रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात स्केचिंगला जाणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

'सकाळी सातला बंदरात पोच, होड्या पोज देऊन उभ्या असतात,' असं रंकाळ्यावर बसणाऱ्या एका जाणकारानं सांगितलं होतं. साफ चूक! निघण्याआधी तिथी बघा. पौर्णिमा-अमावास्येला या किनाऱ्यावर भरती दुपारच्या सुमारास येते, म्हणजे सकाळी पाणी तळाला. मी गेलो ती नेमकी पौर्णिमा. धक्क्यावरून बोटींची नुसती छपरं आणि काठ्या दिसत होत्या. जरा आकार जमतोय तोवर पाणी चढायला लागलं, बोटी वर आल्या आणि दोर सैल होऊन नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, भलतीकडेच वळली. रंकाळ्याचं पाणी असले चाळे करत नाही. अष्टमीच्या आसपास जा. त्याला भांग म्हणतात, पाण्याची चढउतार तेव्हा कमी असते. तरीही एका बोटीला दहा मिनिटांच्या वर देऊ नका. आधी मोठा आकार आणि क्षितिज पक्कं करा, जाळी-झेंडे मागाहून. बसून सुरू केलंत तर बसूनच संपवा. उभं राहिलात की क्षितिज तुमच्या डोळ्याबरोबर वर सरकतं आणि जी काठी आभाळात होती ती पाण्यात जाते.

सामान: ६बी पेन्सिल, काळं बॉलपेन, जाड कागद, चार चिमटे. जेल पेन घरीच ठेवा. मासळीच्या बर्फाचं पाणी उडालं की सगळं फिसकटतं. कोळसा त्या दमट वाऱ्यात मला तरी झेपला नाही. जाळी पसरलेली असतील तिथं विचारूनच बसा.

स्टँडवरून रिक्षावाल्यानं 'परतीचं धरून' तीनशे घेतले. नाद नाय करायचा, सरळ चालत जा. आंबा घाटातली वळणं खाऊन चार तासांनी उतरल्यावर पाय मोकळे करायचेच असतात.

भाट्याच्या किनाऱ्यावर छान गेलं, सांगण्यासारखं काही नाही. रत्नदुर्गावरून सगळं बंदर एका नजरेत येतं, पण होड्या तांदळाएवढ्या. होडी शिकायची असेल तर वर चढू नका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांचा तळ, पंखा, सुकाणू, सगळं उघडं मिळतं आणि काही हलत नाही. फक्त छत्री धरायला एक माणूस बरोबर न्या.