मे महिन्यातला रंगाचा हात

परभणी, १८ मे

बीटल मोटारीच्या १:२४ प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या, प्लॅस्टिक मॉडेलच्या सांगाड्याला आज पहाटे, उजाडता उजाडता, लाल रंगाचा हात दिला. मराठवाड्यात या दिवसांत दुपारी पारा बेचाळीसच्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की स्प्रे कॅनमधून निघालेल्या थेंबांतला थिनर वाटेतच उडून जातो. रंग प्लॅस्टिकवर पोहोचतो तो अर्धवट वाळलेल्या भुकटीच्या रूपात, आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात याच्या उलट घडते. उडणारा थिनर पृष्ठभाग थंड करतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि लॅकर रंगावर पांढुरकी झाक येते. म्हणून दिवाळीनंतरचे महिने या कामाला सर्वांत चांगले, असे माझे ठाम मत आहे.

रंगवताना कूलर बंदच हवा, कारण तो ओल आणि धूळ दोन्ही एकदम खोलीत आणतो. रंगाचे कॅन मी पत्र्याच्या खोलीत ठेवत नाही. पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नये, ही त्यावरची सूचना आपल्याकडे अक्षरशः पाळावी लागते.

मला सर्वांत जास्त जपावीशी वाटते ती रंगाची जाडी. खऱ्या मोटारीवरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर भरतात. तेवढाच थर या सांगाड्यावर बसला, तर चोवीसपटीच्या हिशेबाने तो खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर जाडीचा ठरेल! दारांच्या फटी बुजतात आणि गाडी गाडी न वाटता खेळणे वाटू लागते. त्यामुळे प्रायमर लावण्याआधीच मी त्या फटी सुईच्या टोकाने किंचित खोल करून घेतो, सांगाडा भांड्यांच्या साबणाने धुतो आणि लाल रंग खुलावा म्हणून खाली पांढराच प्रायमर देतो. कॅन वीस-पंचवीस सेंटिमीटर दूर धरायचा, फवारा सांगाड्याच्या बाहेर सुरू करून पलीकडे बाहेरच थांबवायचा. पहिला हात इतका विरळ की खालचा पांढरा दिसत राहावा.

नाकाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बनच्या डब्या असलेला मास्कच लागतो, खिडकी उघडी लागते, आणि शेजारच्या स्वयंपाकघरात गॅस पेटलेला नसावा लागतो. घरात लहान मुले असतील, तर यात तडजोड करूच नये.

रंग वाळला की नाही हे मी वासावरून ठरवतो. सांगाडा नाकाजवळ धरल्यावर थिनरचा वास येत असेल, तोवर पॉलिश पेपर हातात घ्यायचा नाही. संध्याकाळी वास होता.