अण्णांचा कम्प्युटर पुन्हा सुरू करताना

आषाढातला पाऊस लागून चार दिवस झाले होते. पाचव्या दिवशी सकाळी अण्णांनी नेहमीसारखं कम्प्युटरचं बटण दाबलं. आतला पंखा फिरायला लागला, पुढचा निळा दिवाही लागला, पण पडदा काळाच. आणि डब्यातून लांब शिट्टी यायला लागली. पीऽऽप, जरा थांबून परत पीऽऽप. अण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "अगं, हा ओरडतोय. बघ जरा."

मी संगणकातली जाणकार नाही. पण त्या डब्यात काय आहे ते मला माहीत होतं. अण्णा निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमच्याकडच्या, रत्नागिरी-संगमेश्वर भागातल्या बोलीतले शब्द ते कितीतरी वर्षं जमवतायत. आधी पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर, आणि २०१२ साली कम्प्युटर घेतल्यापासून त्यावर टाइप करून. प्रत्येक अक्षराची वेगळी फाइल. शब्द, अर्थ, कोणत्या गावात ऐकला, कोणाच्या तोंडून. या सगळ्याची दुसरी प्रत एका पेनड्राइव्हवर होती, तीही तीन वर्षांपूर्वीची.

घाईघाईने डबा रिक्षात घालून दुकानात नेला. तिथल्या माणसाने वायर लावली, दोन शिट्ट्या ऐकल्या आणि सांगितलं, "मदरबोर्ड गेला. एवढ्या जुन्या मशीनचं आता काही होत नाही. नवीन घ्या, डेटा काढायचे वेगळे पैसे होतील." डबा उघडलासुद्धा नव्हता. मला ते पटलं नाही. न उघडता कसं कळलं, असं विचारलं तर "अनुभवाने कळतं" एवढंच उत्तर आलं. मी डबा परत घरी आणला.

पुण्याला माझ्या बहिणीचा मुलगा याच क्षेत्रात आहे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, घाबरू नकोस. शिट्टी वाजतेय ही चांगली गोष्ट आहे, म्हणजे बोर्ड, सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात ती पाटी, जिवंत आहे. फक्त एक कर. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि काय केलंस ते वहीत लिहून ठेव." पुढचे आठ दिवस मी हे अक्षरशः पाळलं. ती वही आजही कम्प्युटरच्या टेबलावर आहे.

शिट्टीचं त्याने जे समजावलं ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बटण दाबल्यावर विंडोज यायच्या आधीच बोर्ड स्वतःची तपासणी करतो. प्रोसेसर आहे का, मेमरी आहे का, पडद्यावर चित्र पाठवता येतंय का. या टप्प्यावर मेमरीच मिळाली नाही तर पडद्यावर काही लिहून दाखवायची सोयच नसते. म्हणून तो बारक्या स्पीकरमधून शिट्टी वाजवून सांगतो. किती शिट्ट्या, लांब की आखूड, यावरून दोष कुठे आहे ते ठरतं. मात्र प्रत्येक कंपनीची खूण वेगळी, त्यामुळे आपल्या बोर्डाची पुस्तिका बघायची. आमची पुस्तिका माळ्यावरच्या खोक्यात थर्माकोलखाली सापडली. सारखी वाजणारी लांब शिट्टी म्हणजे मेमरी सापडत नाही. म्हणजे रॅम.

वायर काढली. मग वायर नसलेल्या डब्याचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, आत उरलेली वीज निघून जावी म्हणून. बाजूचे दोन स्क्रू काढून वाटीत ठेवले आणि पत्रा सरकवला. आत जे दिसलं त्याने मलाच वाईट वाटलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा थर नमद्यासारखा दाट बसला होता. आमच्याकडे पावसाळ्यात हवाच ओली, त्यामुळे धूळ उडून जात नाही, चिकटते. पॉवर सप्लायच्या खालच्या कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची दोन टरफलं होती. इतक्या वर्षांत हा पत्रा एकदाही कोणी काढला नव्हता. आम्ही त्यावर क्रोशाचं झाकण तेवढं घालत होतो.

आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात टेकवायचा. आपल्या अंगातली स्थिर वीज नाजूक भागांत जाऊ नये म्हणून. रॅमची पट्टी दोन्ही टोकांना चिमट्यांनी धरलेली असते. चिमटे बाहेरच्या बाजूला दाबले की ती वर येते. तिच्या खालच्या काठाला सोनेरी दातांची ओळ असते. आमच्या पट्टीचे दात सोनेरी राहिलेच नव्हते, मध्ये मध्ये तपकिरी डाग आले होते, जुन्या बांगडीवर येतात तसे. भाच्याने सांगितल्याप्रमाणे पेन्सिलीचं पांढरं खोडरबर घेतलं आणि दातांवरून हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवलं. रबरावर काळी रेघ उमटली. दुसरी बाजूही तशीच पुसली. रबराचा चुरा कोरड्या सुती फडक्याने झटकला, रंगकामाच्या नव्या मऊ ब्रशने खाचही साफ केली. दातांना बोट लावलं नाही.

पट्टी बसवली, बटण दाबलं, आणि पुन्हा तीच लांब शिट्टी.

त्या क्षणी माझा धीर सुटला. अण्णा शेजारच्या खुर्चीत बसून बघत होते, त्यांच्याकडे बघवेना. वहीत "रॅम पुसली, फरक नाही" असं लिहिलं आणि परत वाकून पाहिलं, तर डाव्या टोकाचा चिमटा अर्धवट उघडाच. पट्टी एका बाजूने केसभर वर राहिली होती. वायर काढून पुन्हा बसवली, यावेळी दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकं सारख्या जोराने दाबली. दोन्हीकडून टक् असा आवाज आला. बटण दाबलं. एकच आखूड शिट्टी, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं.

अक्षरं इंग्रजीत होती. बायॉसची, म्हणजे बोर्डातल्या सुरुवातीची तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमची, आठवण पुसली गेलीय, पुढे जायचं तर एफ१ दाबा, असा त्यांचा अर्थ. एफ१ दाबलं, विंडोज आलं. कोपऱ्यात तारीख २०१२ सालची. अण्णांना इंटरनेटवर काहीतरी बघायचं होतं, पण जी साइट उघडावी तिथे "हे कनेक्शन सुरक्षित नाही" अशी सूचना. मला वाटलं व्हायरस शिरला. तसं नव्हतं. प्रत्येक सुरक्षित साइटकडे मुदतीचं प्रमाणपत्र असतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. कम्प्युटरचं कॅलेंडर २०१२ वर असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून तो हरकत घेतो. तारीख दुरुस्त केली, सगळ्या साइट उघडल्या. रात्री वायर काढून ठेवली, सकाळी तारीख पुन्हा २०१२.

कारण बोर्डावरची बटणासारखी गोल बॅटरी. सीआर २०३२ हे तिचं नाव, आणि त्या आकड्यातच तिचं माप आहे: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. डब्याची वीज तोडली तरी घड्याळ आणि बायॉसची सेटिंग तिच्यावर टिकतात. ती ३ व्होल्टची हवी. शेजारच्या मुलाच्या मीटरवर आमची २.४ भरली. घड्याळाच्या दुकानात नवीन मिळाली, चाळीस रुपये. लिहिलेली बाजू वर ठेवून बसवायची, बस्स. दुकानदाराने ज्याला गेलेला बोर्ड म्हटलं होतं तो एक रबर आणि चाळीस रुपये एवढ्यावर उभा राहिला. त्या माणसावर माझा राग आहे तो पैशांचा नाही. त्याच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून अण्णांनी दोन दिवस जेवण सोडल्यासारखं केलं होतं.

पण खरी भीती पुढे होती. कम्प्युटर सुरू होत होता, पण चार चार मिनिटं घेऊन. फाइल उघडताना चक्र फिरत राहायचं. कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर मेमरी, प्रोसेसर निवांत आणि डिस्कच्या रकान्यात १०० टक्के. डब्याला कान लावला तर आत मधूनच टिक्, टिक् असा आवाज. मी एक व्हिडिओ पाहिला होता, त्यात डिस्क तपासून दुरुस्त करायची आज्ञा दिली होती. ती द्यायच्या आधी सहज भाच्याला विचारलं. तो जवळजवळ ओरडलाच, "मावशी, थांब! आधी कॉपी. दुरुस्ती नंतर."

कारण साधं आहे. तपासणी सगळी डिस्क टोकापासून टोकापर्यंत पिंजून काढते. डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल तर तिची उरलेली ताकद त्यातच जाते. डिस्कची प्रकृती सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, तो लावला. पिवळ्या रंगात सावधानतेचा इशारा. काही जागा वाचता येत नाहीत आणि त्यांचा निकाल अजून लागलेला नाही, अशी नोंद होती. पिवळा रंग दिसला की बाकी सगळी कामं सोडून पहिली प्रत काढायची, हे मी ज्याला त्याला सांगत असते.

नवी बाहेरची डिस्क आणली. सगळं एकदम न उचलता आधी अण्णांचं फोल्डर, मग फोटो, मग उरलेलं. अण्णांच्या फाइली एकेक करून गेल्या. क, ख, ग... प, फ, ब. आणि 'भ'ला गाडी अडकली. पुन्हा प्रयत्न केला, रात्री डबा थंड झाल्यावर केला, पहाटे केला. 'भ' आली नाही. म, य, र, ल सगळी आली. पेनड्राइव्हवरची तीन वर्षांपूर्वीची 'भ' तेवढी हाती राहिली. अण्णा म्हणाले, "कार्डं आहेत ना. बिस्किटाच्या डब्यात." एवढं बोलून ते उठून गेले.

डिस्क बदलायची हे ठरलं. जुनी फिरत्या तबकडीची होती, तिच्याजागी ४८० जीबीची एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी चिपची डिस्क, घेतली. त्याच दोन वायर तिला बसतात, वेगळं काही लागत नाही. प्रश्न होता कोणती प्रणाली घालायची. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर मागतं, आमचा आय३ प्रोसेसर त्यात बसत नाही. मशीन तर चांगलं चाललंय. भाच्याने लिनक्स मिंट ही वेगळी प्रणाली सुचवली, फुकट आहे, ४ जीबी मेमरीत चालतं, लिहायला लिबरऑफिस त्यातच येतं. पेनड्राइव्हवरून तासाभरात ते बसलं. आता बटण दाबल्यापासून अर्ध्या मिनिटात पडदा तयार होतो.

मोठ्या आनंदाने अण्णांची पहिली फाइल उघडली आणि समोर रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, उद्गारचिन्हं. एकही मराठी अक्षर नाही.

फाइल बिघडली नव्हती. अण्णा जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करायचे, टाइपरायटरच्या कळफलकाने. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट नसेल तर खालचं मूळ उघडं पडतं. जुनी डिस्क मी फेकली नव्हती, हे नशीब. ती तात्पुरती जोडून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ती फाइल उचलली, नव्या प्रणालीत बसवली, आणि मराठी परत दिसायला लागलं. प्रणाली बदलताना कागदपत्रांबरोबर फॉन्टही उचलायचे असतात, हे मी तोपर्यंत कुठेच वाचलं नव्हतं.

दिसलं म्हणून भागणार नव्हतं. ते शोधता येत नाही, दुसऱ्याला पाठवलं तर त्याला वाचता येत नाही. म्हणून सगळं युनिकोडमध्ये आणायचं ठरवलं. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यानंतर डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. जुना फॉन्ट दिसेल त्या क्रमाने लिहितो, म्हणजे 'किती'मधली पहिली वेलांटी क च्या आधी येते. युनिकोडमध्ये ती क च्या नंतर साठवली जाते. साध्या अक्षराला साधन बरोबर हलवतं, पण 'स्थिती'सारखं जोडाक्षर आलं की वेलांटी मध्येच अडकते. रफाराचं उलट: 'धर्म'मधला र जुन्या फॉन्टमध्ये म च्या मागून येतो, तो पुढे न्यावा लागतो. आणि 'दऱ्या', 'वाऱ्या'मधला आपला खास मराठी र तर बहुतेक ठिकाणी साधा र होऊन बसला होता. बोलीच्या शब्दांत एक अक्षर चुकलं तर तो शब्दच दुसरा होतो, किंवा कोणताच उरत नाही. म्हणून अण्णा मोठ्याने वाचतात आणि मी दुरुस्त करते. रोज संध्याकाळी एक तास. प्रत आता दोन ठिकाणी असते, बाहेरच्या डिस्कवर आणि पुण्याला भाच्याकडे, आणि दर शुक्रवारी मी ती नवी करते.

गेल्या आठवड्यात 'भ' सुरू केलं. जुन्या प्रतीत नसलेले शब्द कार्डांवरून उतरवून घेतोय. काही कार्डांना कसर लागलीय, शाई उडालीय. परवा 'भाजावळ' हे कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: पावसाआधी तरव्यासाठी (भाताच्या रोपांसाठी) जमीन भाजतात ती. मी टाइप करून पुढच्या कार्डाला हात घातला, तर अण्णांनी माझं मनगट धरलं. "थांब. एवढंच नाही ते. लिही. खाली शेण पसरायचं, त्यावर कवळ, म्हणजे तोडलेल्या फांद्या, त्यावर पातेरा, वाळलेला पाला, आणि वर बारीक माती, म्हणजे आग धावत नाही, धुमसते. आणि पेटवायची ती वाऱ्याच्या उलट्या बाजूने. माझी आई पेटवायची."

मी लिहून घेतलं. 'वाऱ्याच्या'मधला ऱ्य बरोबर उमटलाय का ते अण्णांनी चष्मा वर करून पडद्याजवळ जाऊन पाहिलं, आणि पुढचं कार्ड माझ्या हातात दिलं.