चौसष्ट अक्षरं

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वजनकाट्याचा सर्व्हर सकाळीच आडवा झाला. गेटाबाहेर ट्रकची रांग, वर पंचेचाळीसचं ऊन. डेटाचा बॅकअप शाबूत होता, पण काट्याचं सॉफ्टवेअर चालतं ते फक्त सेंटओएस ६ वर, म्हणजे लिनक्सच्या एका जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर. तिचा सपोर्ट ३० नोव्हेंबर २०२० लाच संपला. कपाटातली मूळ डीव्हीडी ड्राइव्हमध्ये नुसती घरघरली.

माझ्या हाताखालचा पोरगा दहा मिनिटांत पेन ड्राइव्ह घेऊन आला. कोणीतरी गुगल ड्राइव्हवर टाकलेली सेंटओएस ६.१० ची इमेज, म्हणजे अख्ख्या डीव्हीडीची एका फाइलीतली नक्कल, होती त्यात.

"सर, साइज तर बरोबर दाखवून राहिली."

साइज खरंच बाइटपर्यंत जुळत होती, नावही तेच. मी तिचा एसएचए-२५६ चेकसम काढला, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा, आणि तो व्हॉल्टवरच्या, म्हणजे सेंटओएसच्या जुन्या आवृत्त्यांच्या अधिकृत साठ्यावरच्या, यादीशी ताडला. चौसष्ट अक्षरांत सुरुवातच वेगळी. कॉपी करताना फाइल बिघडली की कोणी मुद्दाम आत हात घातला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. गंमत म्हणजे ती इमेज उघडत होती. बहुधा इन्स्टॉलही झाली असती.

मॅनेजरसाहेब दारात उभे. "काऊन भाऊ, फाइल आहे न आपल्यापाशी? टाकून द्या न!"

त्यांना काय सांगणार? २०१६ च्या फेब्रुवारीत लिनक्स मिंटची वेबसाइटच फोडली होती आणि डाउनलोडच्या दुव्यावर चोरदरवाजा असलेली इमेज ठेवली होती. साइटच चोराच्या ताब्यात असेल, तर तिथं छापलेला चेकसमही त्याच्याच ताब्यात. म्हणून नुसता चेकसम मला पुरत नाही, त्याच्यावर सही लागते. सेंटओएसच्या चेकसमच्या यादीवर जीपीजी या प्रोग्रामनं केलेली डिजिटल सही असते, पण ती तपासायला सेंटओएसची जाहीर चावी (पब्लिक की) हवी, आणि तीही इंटरनेटवरूनच उचलली तर आपण पुन्हा होतो तिथंच.

तेव्हा डिस्पॅचमधली मशीन आठवली. २०१८ साली मूळ डीव्हीडीवरून आम्हीच बसवलेली, अजून चालू. (तिचीच नक्कल उचलावी असंही मनात आलं, पण तिच्यात इतक्या वर्षांचा गाळ होता.) सेंटओएस ६ ची चावी तिच्या सेटिंगांच्या ईटीसी फोल्डरातल्या पीकेआय फोल्डरात निवांत पडली होती. त्या चावीनं व्हॉल्टवरची यादी तपासली, सही खरी निघाली.

यादी खरी ठरल्यावर इमेज कुठून येते याची मला फिकीर नव्हती. व्हॉल्टचीच प्रत लिनक्सच्या कर्नल.ऑर्ग या साइटच्या आर्काइव्हवर असते, तिथून घेतली. कारखान्याची लाइन रडत होती, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पावणेचार जीबी. तेवढ्यात मॅनेजरांनी तर्री पोहे मागवले. रागानं की मायेनं, कळलं नाही. ट्रकवाले मात्र माझ्याकडे कसे बघत होते ते कळत होतं.

या खेपेला चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळली. इन्स्टॉल झाल्यावर यम या पॅकेजं उतरवणाऱ्या प्रोग्रामच्या रेपो फाइलींत मिररलिस्ट (चालू सर्व्हरांची यादी) काढून व्हॉल्टचा पत्ता टाकला, नाहीतर एक पॅकेज उतरत नाही. मग इंटरनेटची केबल काढली. पॅचच येत नसलेल्या मशीनला बाहेरचं वारं कशाला?

सव्वापाचला पहिला ट्रक काट्यावर चढला. पोरगा तो पेन ड्राइव्ह बोटांत फिरवत उभा होता.

"सर, आता यात गाणे भरू का?"

"आधी फॉरमॅट कर."