पाणी कुठं गेलं, सांगा

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढं उभे राहिले ते भूगोलाचे सर. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. सरांचं नाव लिहीत नाही. 'दगडवाले सर' म्हटलं की आमच्या बॅचला पुरे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर आम्हाला मागच्या खाणीत न्यायचे. तिथं काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसॉल्टचे, थर एकावर एक दिसायचे, मधे तांबडा हातभर पट्टा. थर म्हणजे गाळाचा खडक, असं आम्ही घोकलेलं. मागच्या बाकावरचा एकजण बोलून गेला, "सर, हे पण थरच की! मग ह्याला अग्निजन्य का म्हणायचं?" आता बसणार, असं वाटलं. सर इतके खूश झाले की त्याला पुढं बोलावून हातात हातोडीच दिली. एकेक थर म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोट. दुसरा लोट येईपर्यंत मधे जो काळ गेला, त्यात खालच्याचा वरचा भाग कुजून तांबडा झाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

मग त्यांनी आपली पाण्याची बाटली सपाट दगडावर ओतली. पाणी पसरत एका केसाएवढ्या भेगेपाशी आलं आणि दिसेनासं झालं. "कुठं गेलं, सांगा." सगळे गप्प. तळं आटल्यावर चिखल तडकतो, तसा लाव्हाही निवताना आकसून तडकतो, सर म्हणाले. हे सांधे उभे खाली जातात. पाणी त्यातनं उतरतं आणि खाली घट्ट खडक लागला की आडवं सरकतं. भेगेच्या दोन्ही बाजू जागच्या जागी असल्या तर सांधा, एक बाजू सरकली असली तर भ्रंश. बाटली रिकामी झाली, आणि भर उन्हात परत येताना सर तसेच तहानलेले.

गोकाकच्या सहलीत पोरं झुलत्या पुलावर, आणि सर धबधब्याकडं पाठ करून पात्रातल्या खडकावर उकिडवे. वालुकाश्मावरच्या लाटांच्या खुणा आम्हाला हातानं चाचपायला लावल्या. हा खरा गाळाचा थर, कणाकणानं उथळ पाण्यात बसलेला, आपल्या काळ्या पाषाणाहून कित्येक कोटी वर्षांनी जुना. त्यालाही उभे सांधे आहेतच. त्यांच्यावरनं ठोकळे सुटत जातात, म्हणून घटप्रभा ५२ मीटर सरळ खाली पडते.

आज मी बोअरचे पॉइंट बघून देतो, बेळगाव तालुक्यात आणि पलीकडं चंदगडात. नारळ फिरवणाऱ्यांची चलती अजून आहे, पण माझंही बरं चाललंय. घट्ट पाषाणात पाणी नसतं. ते असतं सांध्यांत, मांजऱ्यात म्हणजे बारीक पोकळ्यांच्या मऊसर दगडात, दोन लोटांच्या मधे. म्हणून मी आधी शेजारची विहीर बघतो, कुठल्या भेगेतनं झरा येतोय ते. नव्या गाड्या, नवी यंत्रं आली, तरी पहिलं काम हेच.

खाण बुजवून तिथं आता प्लॉट पडलेत. सहली वॉटर पार्कला जातात म्हणे. मराठी वर्गांत पोरं किती उरलीत, ते विचारायला जीभ रेटत नाही. प्रयोगशाळेच्या कपाटात सरांनी जमवलेले दगड अजून आहेत, पण लेबलं वाळवीनं खाल्लीत, आणि परवा बघितलं तर वालुकाश्म बेसॉल्टच्या खणात. कपाटाची किल्ली तेवढी काढून ठेवा, नवीन लेबलं मी लिहून आणतो.