पर्पल हार्टचा रंग उन्हातून येतो

दादरच्या आमच्या घरात स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेकडे उघडते आणि समोरच्या इमारतीमुळे तिच्या ग्रिलमध्ये ऊन जवळजवळ येतच नाही. शेजारच्या काकूंनी दिलेली पर्पल हार्ट या जांभळ्या पानांच्या रोपाची फांदी मी तिथेच लावली होती. दोन महिन्यांत तिची पाने हिरवट झाली, पेरांमधले अंतर वाढले, आणि मी मात्र कुंडीत गांडूळखत घालत राहिले. ती माझी चूक होती. पानांना जांभळा रंग देणारे अँथोसायनिन हे रंगद्रव्य भरपूर उजेडातच नीट तयार होते; ते कमी पडले की पानातले हरितद्रव्य दिसू लागते. कुंडी पश्चिमेच्या गॅलरीत टांगल्यावर नवी पाने पिकल्या जांभळासारखी गडद फुटली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

ही वनस्पती मूळची मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्याकडची. जोसेफ रोज या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९११ मध्ये तिचे वर्णन सेटक्रिसिया या प्रजातीत केले आणि १९७५ मध्ये ती ट्रेडेस्कॅन्शिया पॅलिडा झाली. आपल्याला तिची खरी ओळख मात्र केना या रानभाजीवरून पटते, कारण दोघी एकाच कुळातल्या आहेत: खोडाला वेढणारा पानाचा तळ, पेरापाशी सहज मोडणारी रसाळ फांदी आणि सकाळी उमलून त्याच दिवशी मिटणारे फूल. पावसाळ्यात आपण केन्याची भाजी करतो, म्हणून हिचीही पाने खाण्याजोगी असतील असे कोणी समजू नये. हिच्या रसाने काहींच्या त्वचेला खाज सुटते आणि मांजर-कुत्र्यांनाही तो त्रास देतो.

ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात हिच्या कळ्यांतील परागपेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, त्यांत झालेल्या गुणसूत्रांच्या हानीवरून हवेच्या प्रदूषणाचा अंदाज घेतला गेला आहे. आमची गॅलरी भर रहदारीच्या रस्त्यावर असल्यामुळे, तीन पाकळ्यांच्या त्या फिकट गुलाबी फुलाकडे मी आता अधिक काळजीने पाहते.

मुंबईत हिला खरा धोका पावसाचा आहे. दोन-चार दिवस पाणी चुकले तरी ती तग धरते, पण कुंडीत पाणी साचले की मुळे कुजतात, म्हणून जूनच्या आधी मी कुंडीखालची ताटली काढून टाकते, लांबलेल्या फांद्या छाटते आणि त्यांचे वीतभर तुकडे पेरापर्यंत ओल्या मातीत खोचते. साधारण दोन आठवड्यांत ते मूळ धरतात, आणि त्यांतली एक कुंडी दरवर्षी काकूंकडे परत जाते.