फुकट द्या, पण फाइल द्या

आमच्या इलेक्ट्रॉनिक म्युझिक करणाऱ्या लोकांत एक वाद कायम चालू असतो, नवीन ईपी, म्हणजे काही ट्रॅकचा छोटा अल्बम, तयार झाला की तो फुकट डाउनलोडला टाकायचा की पैसे लावायचे, आणि जमलंच तर रेकॉर्ड, म्हणजे व्हायनलची तबकडी, काढायची का. पैसे लावा म्हणणारे सांगतात की फुकटच्या गोष्टीची लोकांना किंमत नसते, एवढं राबून केलेलं काम वाटून टाकलंस तर उद्या तुला पैसे देणार कोण. फुकटवाले म्हणतात ऐकायलाच कोणी नाही तर पैसे कुणाला लावतोस. माझं मत आता पक्कं झालंय. ज्याच्या मागे ना शो मिळवून देणारा बुकिंग एजंट ना मोठं लेबल (म्युझिक काढणारी कंपनी), त्यानं आधी फुकट द्यावं, पण फाइल द्यावी. माणसाला ती उतरवून घेता आली पाहिजे, स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता आली पाहिजे, मित्राला देता आली पाहिजे. नुसतं पेजवर जाऊन प्ले दाबायला लावणं याला मी देणं म्हणत नाही.

आधी रेकॉर्डचा हिशोब मांडू, कारण विकतची बाजू घेऊन भांडणारे बरेच जण हा हिशोब कधी करतच नाहीत. टेक्नो-हाउस या नाचायच्या इलेक्ट्रॉनिक म्युझिकच्या छोट्या लेबलचा बारा इंची रेकॉर्डचा रन, म्हणजे एका वेळची छपाई, बऱ्याचदा ३०० कॉपींचा असतो. त्यात मास्टरिंग (आवाजाची शेवटची जुळणी) आलं, लॅकर कटिंग (पहिली मूळ तबकडी कोरणं) आलं, प्लेटिंग (तिच्यावरनं धातूचा साचा), टेस्ट प्रेसिंग (चाचणीच्या कॉपी), मधलं गोल लेबल छापणं, कव्हर, आणि मग फॅक्टरीतनं डिस्ट्रिब्युटरच्या गोडाउनपर्यंतची वाहतूक. समजा सगळं मिळून २,००० युरो झाले. २० कॉपी आर्टिस्टला आणि डीजे लोकांना देण्यात गेल्या, राहिल्या २८०. दुकानात रेकॉर्डवर बारा-तेरा युरोचा स्टिकर दिसतो पण मधे दुकान आहे, डिस्ट्रिब्युटर आहे, लेबलच्या हातात समजा साडेसात पडले, म्हणजे अख्ख्या २८० खपल्या तरी २,१०० युरो. सुटले १००, ते पण लेबल आणि आर्टिस्ट दोघांत. आणि ६० कॉपी गोडाउनमधे पडून राहिल्या की ३५० युरो खिशातनं गेले. हे आकडे मी धरून चाललोय, कुणाचे थोडे वर कुणाचे थोडे खाली, पण ज्यांनी रेकॉर्ड काढलीय त्यांना विचारा, हिशोबाचा आकार असाच असतो. काही डिस्ट्रिब्युटर छपाईचा खर्च आधी उचलतात आणि विक्रीतनं वळता करून घेतात, त्यात तुमचे पैसे अडकत नाहीत पण खर्च वसूल होईपर्यंत हातात पण काही येत नाही. मला एका लेबलनं रेकॉर्ड काढू म्हणून विचारलेलं, बोलणी पुढे गेल्यावर कळलं की छपाईचा निम्मा खर्च मी घालायचा, मी नाही म्हटलं आणि तोच ईपी नंतर फुकट सोडला.

तेव्हा "रेकॉर्ड म्हणजे कमाई आणि फुकट म्हणजे नुकसान" हे समीकरण आमच्या आकाराच्या लोकांना लागूच होत नाही. रेकॉर्डचं खरं मोल दुसरीकडे आहे, आणि ते मी मनापासून मानतो. लॅकर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर दिलेला मऊ थर, त्यात कटिंगची सुई प्रत्यक्ष खाच कोरत जाते. खोल बास डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळा हलत असेल तर सुई वर-खाली व्हायला लागते, खाच उथळ पडते, मग घरी ऐकणाऱ्याची सुई उडते, म्हणून कटिंग करणारा तुम्हाला बास मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारखा, करून आणायला सांगतो. हाय-हॅट, म्हणजे ड्रमची झांज, फार कडक असेल तर आवाज फाटतो. ४५ आरपीएमवर (मिनिटाला ४५ फेरे) दणदणीत कापायचं असेल तर एका बाजूला दहा-बारा मिनिटांच्या वर जायचं नाही. म्हणजे तुमचा ट्रॅक तुमच्याशिवाय आणखी एक जाणकार माणूस कान देऊन ऐकतो, चुका काढतो, आणि लेबलवाला आधी स्वतःचे पैसे लावायची हिंमत करतो. हे सगळं फार नाजूक साखळीवर चालतं पण. फेब्रुवारी २०२० मधे कॅलिफोर्नियातल्या अपोलो मास्टर्सच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा जगात लॅकर बनवणारे कारखाने होते दोन, त्यातला एक बंद पडला.

आणि इथे बसून ही रेकॉर्ड विकत घ्यायची म्हणजे काय असतं तेही बघा. युरोपातनं मागवली तर पोस्टेज रेकॉर्डच्या किमतीला भिडतं, वर कस्टमवाल्यांनी पार्सल धरलं तर त्याचे वेगळे. मी वाढलो त्या पुण्यात जुन्या हिंदी सिनेमांच्या एलपी मिळायच्या, नाट्यसंगीत मिळायचं, टेक्नोची बारा इंची कुठनं मिळणार. माझं सगळं शिक्षण फुकटच्या फाइलींवर झालंय, सायबर कॅफेत झिप उतरवायची, सीडी राइट करून घरी आणायची.

त्या झिपा यायच्या नेटलेबलांकडनं. नेटलेबल म्हणजे चक्क लेबल, निवड करणारा माणूस आहे, कॅटलॉग नंबर आहे, कव्हर आहे, फक्त छापील माल नाही आणि पैसे नाहीत. याचं मूळ अमिगा कॉम्प्युटरपर्यंत जातं. १९८७ मधे कार्स्टन ओबार्स्कीनं अमिगासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर नावाचं गाणी बांधायचं सॉफ्टवेअर काढलं, त्यातनं मॉड फाइल आली. मॉड फाइलची गंमत अशी की तिच्यात सॅम्पल, म्हणजे आवाजाचे छोटे तुकडे, पण असतात आणि ते कधी कुठल्या पट्टीत वाजवायचे त्याची मांडणी पण, म्हणजे गाणं मिळालं की ते कसं बांधलंय तेही पूर्ण मिळालं, उघडा, बघा, एकेक चॅनल बंद करून ऐका. नंतर जो प्रकार रुळला त्यात ३१ सॅम्पलच्या जागा, प्रत्येकाला २२ अक्षरांचं नाव देता येतं. मग पोरं काय करायची, त्या नावांच्या जागी निरोप लिहायची! मित्रांना नमस्कार, स्वतःचा पत्ता, हे गाणं कधी केलं, कुणाला आवडलं तर पत्र टाका. छोटीशी फाइल, फ्लॉपीवरनं हातोहात फिरायची, मोडेम आल्यावर बीबीएसवरनं, म्हणजे फोन लावून जोडायच्या कॉम्प्युटरवरच्या फलकांवरनं. पैशाचा प्रश्नच कुणी काढत नव्हतं, कॉपी होणं हेच यश होतं.

मोनोटोनिक हे नेटलेबल १९९६ ला सुरू झालं ते याच मॉडवाल्या जगातनं, मग एमपीथ्रीवर आलं. जर्मनीतलं थिनर होतं, डब टेक्नोसाठी, म्हणजे घुमणाऱ्या मंद टेक्नोसाठी, मी आजही त्याच्याकडे परत जातो, मार्को फ्युर्स्टनबर्गचं काम मी पहिल्यांदा तिथेच ऐकलं, तेही एक पैसा न देता. डिसेंबर २००२ मधे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले आणि नेटलेबलांना हवी होती ती गोष्ट मिळाली, की बाबा ही फाइल कॉपी करायला, वाटायला परवानगी आहे, नाव द्या आणि धंदा करू नका. हे वाक्य लेखी असणं फार मोठी गोष्ट आहे. इंटरनेट अर्काइव्ह या फुकट ऑनलाइन संग्रहानं नेटलेबलांचा वेगळा विभागच ठेवला आणि ती लेबलं आपलं काम तिथे जमा करत गेली. पुढे बऱ्याच लेबलांच्या स्वतःच्या साइट गेल्या, डोमेन गेले, पण त्यातलं पुष्कळ काम आजही तिथनं उतरवता येतं.

आता याच्या उलट काय झालं बघा. एमपीथ्री डॉट कॉम ही साइट एकेकाळी नवख्या बँड आणि प्रोड्युसरांचं घर होती, २००३ च्या शेवटी ती विकली गेली आणि तिच्यावरचं म्युझिक पुसलं गेलं. मायस्पेस या सोशल साइटचं तर त्याहून वाईट, २०१९ मधे कळलं की सर्व्हर हलवताना २०१६ च्या आधीची अपलोड केलेली गाणी गेली, बातम्यांत आकडा होता ५ कोटी गाण्यांचा. त्यातली साधारण ४ लाख ९० हजार नंतर अर्काइव्हवर परत आली, ती पण का तर कुणीतरी आधी उतरवून ठेवलेली होती म्हणून. ५ कोटीतली ५ लाख पण नाहीत! कित्येक पोरांचं पहिलं काम असेल ते, दुसरी कॉपीच नसेल. फुकट तेही होतं, पण ऐकणाऱ्याच्या हातात काही दिलेलं नव्हतं. म्हणून मी म्हणतो फुकट स्ट्रीमिंग हा सगळ्यात वाईट सौदा आहे, पैसे पण नाहीत आणि कॉपी पण नाही. आणि स्पॉटिफायवर २०२४ पासून तर नियमच आहे, मागच्या १२ महिन्यांत १,००० प्ले झाले नाहीत तर त्या ट्रॅकचे रॉयल्टीत काहीच धरत नाहीत. अँबियंट, म्हणजे शांत, वातावरणासारखं म्युझिक करणाऱ्या किती जणांचे ट्रॅक त्याच्या खाली असतात हे मला वेगळं सांगायला नको.

रेकॉर्डच्या बाजूनं सगळ्यात जोरदार दाखला मात्र आपल्या मुंबईचाच आहे. चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा माणूस, त्यानं १९८२ मधे रोलंड कंपनीचं टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ बास मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर घेऊन डिस्को बीटवर दहा राग वाजवले, एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली, फारशी चालली नाही आणि लोक विसरून गेले. शिकागोत अ‍ॅसिड हाउस, म्हणजे याच टीबी-३०३ च्या आवाजावर उभं राहिलेलं नाचायचं म्युझिक, जन्मायच्या आधीचं हे काम! एका डच संग्राहकाच्या हाताला जुनी कॉपी लागली आणि २०१० मधे ती बॉम्बे कनेक्शन या लेबलवर परत निघाली, सिंग हयात असतानाच जगाला कळलं त्यांनी काय करून ठेवलंय. २०१५ मधे ते गेले. कॉपी कुणाच्या तरी घरात होती म्हणून हे झालं. न खपलेली रेकॉर्ड पण टिकते, कारण ती वस्तू आहे आणि वस्तू सहसा कुणी एका झटक्यात सगळीकडनं पुसू शकत नाही.

म्हणजे दोन्हीकडून मुद्दा तोच निघतो, ज्याची कॉपी लोकांच्या हातात गेली ते वाचलं.

गोव्याचा इतिहास पण हेच सांगतो. हणजुणे किनाऱ्यावरच्या ट्रान्स म्युझिकच्या पार्ट्यांत डीजे रेकॉर्डवर फार वाजवायचे नाहीत, उन्हात व्हायनल वाकडी व्हायची आणि धूळ वेगळीच, म्हणून कॅसेट आणि नंतर डॅट, म्हणजे डिजिटल टेप. युरोपातनं येणारा प्रत्येक जण न निघालेले ट्रॅक टेपवर घेऊन यायचा, इथे अदलाबदल व्हायची, ट्रॅक आधी किनाऱ्यावर वाजायचा आणि रेकॉर्ड मागाहून यायची. लंडनमधली पैसे घेऊन रेकॉर्ड काढणारी ट्रान्स लेबलं या अदलाबदलीवरच उभी राहिली. पुढे कॅनडातल्या बॅसिलिस्क नावाच्या डीजेनं एक्टोप्लाझम ही साइट उभी केली, सायट्रान्सचे (गोव्याच्या ट्रान्समधनं निघालेल्या प्रकाराचे) रिलीज कायदेशीर, फुकट, तेही एमपीथ्रीबरोबर फ्लॅक आणि वाव या दर्जा न घटवणाऱ्या फाइलींमधे. सीडीच्या दर्जाची फाइल फुकट मिळाल्यावर डीजेंना पायरेटेड शोधायची गरजच उरली नाही, आणि नवीन आर्टिस्ट पार पार्टीच्या फ्लोअरवर पोचले.

फुकट देऊन पैसे मिळतात का, तर काहींना मिळतात. न्यूक्लिया या भारतीय प्रोड्युसरनं २०१५ मधे बास रानी अख्खा अल्बम फुकट सोडला आणि पुढच्याच वर्षी तो वरळीच्या एनएससीआय डोममधे स्वतःच्या शोवर नवीन अल्बम काढत होता. पण तो नाचायला लावणारा आवाज आहे, शो लागतात. माझ्यासारखं मंद डब करणाऱ्याला महिन्याला कोण शो देणार, तेव्हा फुकट दिलं की गिग मिळतील हे आमिष मी कुणाला दाखवणार नाही.

मी काय करतो तर बँडकँप या म्युझिक विकायच्या साइटवर किमान किंमत शून्य ठेवतो, ज्याला द्यायचे तो देतो. तिथे डिजिटलवर साधारण १५ टक्के कापतात. फुकट डाउनलोडला पण मर्यादा आहे, महिन्याला २००, त्याच्या पुढे क्रेडिट विकत घ्यावे लागतात, हे नवीन लोकांना माहीत नसतं. पैसे पेपॅलवर येतात, पॅन लागतो, परपज कोड, म्हणजे परदेशातनं पैसे कशाचे आले त्याचा कोड, निवडावा लागतो, आणि एक-दोन डॉलर आले तर त्यातला बराच भाग फीमधेच जातो, त्यामुळे हा काही धंदा नाही. पण कुणीतरी जर्मनीतनं न सांगता ५ युरो पाठवतो ना, सोबत दोन ओळी, की तुझा तिसरा ट्रॅक रात्रपाळीला ऐकतो, ते माझ्यासाठी फार मोठं आहे. बँडकँपवर सगळं सोडून पण बसू नका. २०२२ मधे ते एपिक या गेम कंपनीनं घेतलं, २०२३ मधे साँगट्रेडर या म्युझिकच्या परवान्यांचं काम करणाऱ्या कंपनीला विकलं, निम्म्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणून तीच फ्लॅक अर्काइव्हवर टाकायची. फोल्डरमधे कव्हर मोठ्या साइजचं, फाइलींना टॅग नीट भरलेले, एक साधी टेक्स्ट फाइल, त्यात परवाना कुठला, कुठली मशिनं वापरली, मास्टरिंग कुणी केलं, संपर्काचा मेल. हे करायला एक संध्याकाळ जाते आणि कंटाळा येतो, तरी करा. मास्टरिंगवर पैसे घाला, फुकट आहे म्हणून कच्चा मिक्स सोडू नका.

आणि मग लोक स्वतःहून विचारायला लागले, रेकॉर्ड कधी काढतोस म्हणून, आणि आगाऊ ऑर्डरमधे निम्मा तरी खर्च जमतोय असं दिसलं, तर जरूर काढा. आता मुंबईत पण परत रेकॉर्ड छापायला लागलेत, तेव्हा उद्या इथल्या इथे छोटा रन परवडला तर मी पहिला रांगेत असेन.

पुण्या-मुंबईत, गोव्यात, कोल्हापुरात कुठेही घरात बसून कुणी काही करत असेल आणि ईपी फुकट सोडत असेल तर मला लिंक पाठवा, फक्त डाउनलोड चालू ठेवा. मी फ्लॅक उतरवून घेईन, पूर्ण ऐकेन आणि काय वाटलं ते लिहून कळवेन.