तेउता : रिसानच्या खाडीत ऐकलेलं एक नाव

कोटोरहून रिसानला जाणारी बस खाडीच्या कडेकडेने धावते. डाव्या हाताला संथ पाणी, उजवीकडे अंगावर आलेला करडा डोंगर. पेरास्तला बहुतेक प्रवासी उतरले आणि बस रिकामी झाली. मला पुढे जायचं होतं. जिचं नाव कित्येक वर्षं वहीत ‘ट्यूटा’ असं लिहून ठेवलं होतं, त्या राणीच्या गावाला.

माँटेनेग्रोतलं रिसान म्हणजे प्राचीन रिझोन. एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर प्राचीन काळी इलिरियन लोक राहत. त्यांच्यातल्या आर्दियाई टोळीचा राजा आग्रोन इ.स.पू. २३१ च्या सुमारास वारला. त्याचा मुलगा पिन्नेस लहान होता, म्हणून राज्याची सूत्रं आग्रोनच्या राणीने हाती घेतली. पिन्नेस तिचा सावत्र मुलगा. त्याच्या आईचं नाव त्रितेउता आणि राज्य चालवणारीचं नाव तेउता. दोन्ही नावांत तोच शब्द आहे, हे लक्षात आलं आणि तेव्हापासून मला या नावाचं वेड लागलं.

‘तेउता’ हा फार जुना शब्द आहे. अर्थ लोक, जमात. लिथुआनियन भाषेत राष्ट्राला आजही ‘ताउता’ म्हणतात, जुन्या आयरिशमध्ये जमातीला ‘तूअथ’ म्हणत, आणि जर्मन माणूस आपल्या भाषेला ‘डॉइच’ म्हणतो तेही याच मुळातून. त्रितेउतामधला ‘त्रि’ तर आपल्या त्रिकोण-त्रिशूळातला असावा. काही अभ्यासकांना वाटतं की ‘तेउता’ हे पाळण्यातलं नाव नसेलच, ती पदवी असेल : लोकांची स्वामिनी, राणी. मला हे पटतं. पण मग तिच्या आईने तिला काय हाक मारली असेल, हा प्रश्न उरतोच, आणि तो मला त्या बसमध्येही सोडत नव्हता.

इलिरियन भाषेत लिहिलेला एक सलग मजकूरही आपल्या हाती नाही. उरली आहेत ती माणसांची नावं, गावांची नावं आणि ग्रीक-रोमन लेखकांनी जाता जाता टिपलेले मोजके शब्द. म्हणजे इथे नाव हीच भाषेची शिल्लक. तेउता, तेउताना, तेउतिकस अशी नावं शेजारी शेजारी ठेवायची आणि त्यांतून मूळ शब्द वेचून काढायचा. यातला तेउतिकस हा पुढे इ.स.पू. १६८ मध्ये, आजच्या अल्बेनियातल्या श्कोदरचा शेवटचा इलिरियन राजा जेंतियस रोमनांपुढे हरला तेव्हा, त्याच्या वतीने बोलणी करायला गेलेल्यांपैकी एक.

तेउताची हकीकत आपल्याला सांगतो तो प्रामुख्याने पॉलिबियस, म्हणजे रोमच्या बाजूचा ग्रीक इतिहासकार. रोमचे दोन वकील तिच्याकडे आले आणि तुझी माणसं समुद्रात आमच्या व्यापाऱ्यांना लुटतात अशी तक्रार त्यांनी केली. ती म्हणाली, राज्याकडून तुम्हाला त्रास होणार नाही. पण प्रजेने समुद्रावर काय मिळवावं यात इलिरियन राजे पडत नाहीत, तशी आमच्यात रीत नाही. धाकट्या वकिलाने उद्धट उत्तर दिलं आणि परतीच्या वाटेवर त्याचा खून झाला. इ.स.पू. २२९ मध्ये रोमने दोनशे जहाजं धाडली. तेउता मागे हटत शेवटी याच रिझोनला येऊन राहिली. तहात तिला बराचसा मुलूख सोडावा लागला, खंडणी कबूल करावी लागली, आणि लिसोसच्या, म्हणजे अल्बेनियातल्या आजच्या लेझच्या, दक्षिणेला दोनपेक्षा जास्त गलबतं, तीही बिनशस्त्र, न्यायची नाहीत असं ठरलं. पॉलिबियस तिच्या चुकांचं खापर तिच्या बाईपणावर फोडतो. मला ते वाचताना दर वेळी राग येतो. तिचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचतं तेही त्याच्याच तोंडून. तिच्या भाषेतलं आपल्याकडे आलं ते फक्त नाव.

रिसानमध्ये लोक पाहायला येतात ते रोमन घरातलं मोझेक. पंखवाला तरुण हिप्नोस, झोपेचा देव, उशीवर कोपर टेकून पहुडला आहे. पापण्यांपाशी दगडाचे कण इतके बारीक की मी कठड्यावरून कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. सुंदर आहे, पण ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं, तेउतानंतर तीनशे-चारशे वर्षांचं. तिच्या काळाचं काही शोधत मी पाण्याकडे निघाले. समोर ओर्येनचा डोंगर. त्याच्या कड्यावरून, लिप्सी गावापाशी, तिने दुःखाने उडी घेतली अशी इथली दंतकथा आहे. इतिहासात त्याला आधार नाही. पण बावीस शतकांनंतरही गाव तिच्या मरणाची गोष्ट सांगतं, ही मला साधी गोष्ट वाटली नाही.

पुढे उल्सिन्यवरून सीमा ओलांडून अल्बेनियातल्या श्कोदरला गेले. अल्बेनियन ही इलिरियनची लेक की दुसऱ्याच कुणाची, यावर भाषातज्ज्ञांचं एकमत नाही. तिथल्या माणसांना मात्र शंका नाही. १९६७ मध्ये तिथल्या कम्युनिस्ट राजवटीने धर्मावरच बंदी आणली आणि १९७५ च्या फर्मानाने धर्माशी जोडलेली नावंही बदलायला लावली. त्या काळात आग्रोन, गेंत, बार्धुल, तेउता या जुन्या इलिरियन नावांना सरकारी उत्तेजन मिळालं. नाव लादलं जाणं वाईटच. तरी राजवट गेली आणि नावं राहिली, कारण ती लोकांना आपली वाटत होती. दुर्रेसच्या फुटबॉल संघाचं नावही तेउताच.

श्कोदरच्या एका बेकरीत मी चीजचा ब्युरेक घेतला. सुट्ट्या पैशांत शंभर लेकचं (लेक हे तिथलं चलन), दोन धातूंचं नाणं आलं. त्यावर एका बाईचा चेहरा. गल्ल्यावरच्या काकूंना नाणं दाखवून विचारलं, ‘ट्यूटा?’ त्यांनी मान हलवली, पिठाचं बोट नाण्यावर ठेवलं आणि सावकाश म्हणाल्या, “ते-उ-ता.” मधला ‘उ’ अगदी सुटा, स्वच्छ.

तिथल्याच बाकावर बसून मी वहीतली ‘ट्यूटा’ खोडली आणि वर देवनागरीत लिहिलं : तेउता.